भिशीच्या दिवशी आलेल्या बाई

ठाणे, ९ फेब्रुवारी २०२५

चि. निहारिका हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण फोनवर खरं काही कळत नाही. जरा नेमकं विचारलं की तुझं नेटवर्क जातं. म्हणून मेलवर का होईना, रीतसर पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. वरच्या मजल्यावरच्या काकूंची मेधा तिकडे डब्लिनमध्येच ब्लँचर्डस्टाउनला असते, तिनं फोनवर तिच्या आईला सांगितलं. शनिवारी तुमच्या भागात चर्चच्या हॉलमध्ये केरळच्या मंडळींनी मल्याळम सिनेमा दाखवला. मेधा ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेली होती. दिवे लागले तेव्हा तू रडत होतीस. शेजारी एक दाढीवाला मुलगा, तोही रडत होता, आणि तुझा हात त्याच्या हातात. मेधा दिसल्याबरोबर तू हात सोडवून घेतलास म्हणे.

मराठी सिनेमाला तुला ओढून न्यावं लागायचं, आणि आता मल्याळम? ओणमला सोनेरी काठाची पांढरी साडी नेसलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुझ्या घरात राहणारी ती नर्स जिन्सी, तिला भाऊ आहे का कोणी? बाबा म्हणतात, जाऊ दे. ते सगळ्यालाच जाऊ दे म्हणतात, म्हणून मला धरून ठेवावं लागतं.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. खरं असेल ते लिही. रागावले तरी माया कमी होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
आई

•

ब्युमॉन्ट, डब्लिन, १५ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,

शि. सा. नमस्कार, वि. वि. मी एकदम ग्रँड आहे. सर्दी गेली. किचनच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) तू दिलेलं मेतकूट अजून आहे, ते जिन्सीलाही आवडतं. जिन्सीला भाऊ नाही, दोन बहिणी आहेत. तुझा एक संशय मिटला.

सिनेमा तिच्या नर्स मैत्रिणींनी ठेवला होता. हॉल गारठलेला, अंगावर कोट तसेच. गटारात उतरून सफाई करणाऱ्या माणसांची गोष्ट आहे. कमरेला दोरी बांधून आत सोडतात, आणि ती कुजलेली दोरी तुटून एकजण आतच मरतो. कंत्राटदार म्हणतो, प्यायला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी काय पाठवतो, माहीत आहे? नवी दोरी. त्याच्या भावासाठी. बायको ती दोरी घडी घालून फळीवर ठेवते, पाहुण्यानं आणलेली वस्तू ठेवावी तशी. तिथे अख्खा हॉल रडला, आई. मी एकटी नाही.

आता माझा प्रश्न. मेधाताईंना माझ्यावर नजर ठेवायला तू सांगितलं आहेस का? मागच्या महिन्यात बसस्टॉपवर त्यांनी मला उगाच विचारलं की रविवारी कुठे असतेस. देवानं त्यांना डोळे फार चांगले दिलेत.

बाबांना नमस्कार सांग. माझ्यावर विश्वास आहे तेवढा राहू दे.

तुझी,
निहारिका

•

ठाणे, २२ फेब्रुवारी

चि. निहारिका हिस,

अनेक आशीर्वाद. सिनेमावर इतकं लिहिलंस, पण त्या हातावर एक ओळ नाही. मी तीस वर्षं शाळेत पेपर तपासले आहेत. न येणारा प्रश्न सोडून मुलं बाकीचा पेपर कसा सुंदर अक्षरात लिहितात, ते मला शिकवू नकोस. मेधाला मी काही सांगितलेलं नाही. तिला सांगावं लागत नाही.

तो सिनेमा आम्हीही पाहिला. बाबांनी टीव्हीवर लावून दिला. खालची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता माझी पोळी करपली. दोरीच्या प्रसंगाला मी ढसाढसा रडले. बाबा पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. माणसाला माणूस म्हणून वागवायचं नाही म्हणजे काय! भिशीच्या सगळ्या बायकांना मी आवर्जून बघायला सांगितलं.

तर ऐक. मुलगा मल्याळी असेल तर असू दे, मी काही मागासलेली नाही. ख्रिश्चन असला तरी बाबांना मी सांभाळून घेईन. आपण तसलं काही मानत नाही. फक्त मुलगा कसा आहे आणि घरचे कोण, एवढं आईला कळायला हवं. नाव लिही.

वाट बघायला लावू नकोस, माझी झोप तुझ्या हातात आहे.

तुझी,
आई

•

ब्युमॉन्ट, १ मार्च

ती. सौ. आईस,

शि. सा. नमस्कार. तो मल्याळी नाही. मराठी आहे, कल्याणचा. नाव सिद्धांत. इथे एम. एस्सी. करून सॉफ्टवेअरमध्ये लागला.

इथपर्यंत वाचून तू बाबांना हाक मारली असशील. आता पुढचं वाच.

नोव्हेंबरात आमच्या घरचं टॉयलेट तुंबलं. सिद्धांत दुपारी आला होता. (दुपारीच, आई.) प्लंबर आला तो कोपरापर्यंत हातमोजे आणि मोठी व्हॅन घेऊन. काम झाल्यावर हात धुऊन आमच्याच टेबलाशी बसला, आमच्याच मगात चहा प्यायला, दुसरं बिस्कीट मागून घेतलं आणि गावच्या मॅचबद्दल बोलत राहिला. सिद्धांत उठून बागेत गेला. मी मागे गेले तर भिंतीकडे तोंड करून उभा. म्हणाला, माझ्या बापाला हातमोजेसुद्धा नव्हते.

त्याचे वडील एका कंत्राटदाराकडे गटारसफाईला होते. तो सातवीत असताना आतच गेले. त्याची आई, शेवंताबाई, अजूनही रस्ते झाडतात. त्यांच्या घरी सगळे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेले. तू पुढच्या पत्रात आडनाव आणि मूळ गाव विचारणार, म्हणून आधीच सगळं सांगून टाकलं.

ऑगस्टमध्ये इथे लग्न करायचं ठरवतो आहोत. तुझ्याशिवाय मला ते करायचं नाही. पण खरं सांगू? मला तुझी खात्री वाटत नाही. तू वाईट आहेस म्हणून नाही. सिनेमात रडणं सोपं असतं, म्हणून.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
निहारिका

•

ठाणे, ४ एप्रिल

चि. निहारिका हिस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. आधी बाबांचं गुडघ्याचं दुखणं, मग पापड, असं लिहिणार होते, पण तू ओळखशील. काय लिहावं ते सुचेना. मुलगा शिकलेला आहे, कष्टानं शिकलेला आहे, ते मला दिसतं. नातेवाईक काय म्हणतील, तेही दिसतं. बाबा पुन्हा जाऊ दे म्हणाले, पण या वेळी त्यांना नक्की काय जाऊ द्यायचं होतं ते मी विचारलं नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. शेवंताबाई येऊन गेल्या. न कळवता, आणि नेमक्या आमच्या भिशीच्या दिवशी. बाहेरच्या खोलीत बायकांचा गलका, म्हणून निवांत बोलता यावं यासाठी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. चांगल्या कपबशीत चहा दिला. सिनेमा पाहिला, किती रडले, ते सांगितलं. आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत, काळजी करू नका, असंही म्हटलं. यापेक्षा जास्त कोणी काय करतं?

हातातला कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “रडलात, चांगलं झालं. माझा पोरगा बापासाठी रडला. तुम्ही कोणासाठी रडलात?”

मग उठताना शांतपणे म्हणाल्या की पोरांना मी अडवणार नाही, पण तुमचा मला भरवसा नाही. चहा अर्धा तसाच होता.

मी फार चिडले आहे, निहारिका. मी अजून होकार की नकार ते ठरवते आहे, तोवर नकार तिकडूनच आला. कुठून तरी कान भरलेले असणार त्यांचे. तू काही बोलली होतीस का माझ्याबद्दल? असशील तर आताच सांग.

मन थाऱ्यावर नाही, तरी तुझी काळजी आहेच.

तुझी,
आई

•

ब्युमॉन्ट, ९ एप्रिल

ती. सौ. आईस,

नमस्कार. मी तुझ्याबद्दल काही बोलले नव्हते. उलट, आईला वेळ द्या, असं म्हटलं होतं.

त्यांना स्वयंपाकघरात का बसवलंस, त्याचं कारण तू लिहिलंस. मेधाताईंच्या आई पाण्याचा तांब्या न्यायला आत आल्या, या कोण म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. तू म्हणालीस, कामाचं विचारायला आल्यात. शेवंताबाई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांना बहिरं समजलीस का?

त्या स्वतःहून बोलल्या नाहीत. मीच फोनवर खोदून विचारलं. सिद्धांतला त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगू नकोस असं मला म्हणाल्या, कारण त्याच्या मनात सासूबद्दल अढी नको. सासू म्हणजे तू, आई.

ऑगस्टमध्ये त्या इथे येणार आहेत. तू आलीस, आणि मेधाताईंनी समोर येऊन विचारलं की या कोण, तर तू काय सांगशील? तेवढं मला आधी कळव. मग तुझं तिकीट काढते.

बाबांना नमस्कार. माझी माया आहेच, विश्वासाचं मात्र आज लिहवत नाही.

तुझी,
निहारिका

•

ठाणे, ५ मे

चि. निहारिका हिस,

आशीर्वाद. ते वाक्य मी बोलले होते. तोंडातून निघून गेलं असं म्हणणार होते, पण तसं नाही. ते जिभेवर तयारच होतं, शोधावं लागलं नाही. त्यानंतर महिनाभर मला माझाच संशय येतो आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पत्रातून देत नाही. कागदावर काय, कोणीही छान लिहील. काल भिशी वरच्या काकूंकडे होती. चिठ्ठी निघायच्या आधीच मी सांगितलं की निहारिकाचं ठरलं आहे, मुलगा मराठी आहे, कल्याणचा. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितलं. वडील कशानं गेले तेही सांगितलं, आणि आई काय करतात तेही. काकूंनी वड्यांची बशी हातात धरून विचारलं की म्हणजे त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, त्या?

मी म्हटलं, “हो, त्याच. कामाला आलेल्या नव्हत्या. मी खोटं बोलले. त्या माझ्या विहीणबाई.”

दोघीजणी काम आठवलं म्हणून उठल्या. पुढच्या महिन्याची भिशी माझ्याकडे होती, ती आता नको म्हणतात. घरी आल्यावर मी खूप वेळ रडले. या वेळी कोणासाठी ते मला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटते, कारण त्यातलं बरंचसं माझ्यासाठीच होतं.

मेधाकडे ही बातमी हे पत्र पोचायच्या आधीच गेली असेल. तिकिटाचं तू ठरवू नकोस. मी विहीण म्हटलं म्हणून त्यांनी मला विहीण मानलंच पाहिजे असं नाही. शेवंताबाईंना विचार, मी आलेली त्यांना चालेल का. त्या नाही म्हणाल्या तरी तसंच कळव, मऊ करून सांगू नकोस.

उत्तर येईपर्यंत आशेवर आहे.

तुझी,
आई