बिनतलवारीची भाटीण

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (कागदावरच, समोर असते तर "ऊठ, पाठ मोडेल" म्हणून ओरडली असतीस) पत्राला सुरुवात करते. तुझा गुडघा कसा आहे? दुकानाची पायरी चढताना अजून "आई गं" म्हणतेस, की आता नुसत्या "हं"वर भागतं? बटणांच्या बरण्या वरच्या फळीवरून खाली घ्यायला सांगितलं होतं, त्या घेतल्यास का? नसतीलच घेतल्या. मी खुशाल आहे. प्रयोगशाळेतलं काम आता हाताला बसलंय. लोकांच्या नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून येतं आणि त्यात काय आहे ते मी शोधून लिहून देते. बरोबरची माणसं चांगली आहेत, पण काम सुटलं की जो तो आपापल्या घरी. आल्या आल्या पहिले काही आठवडे संध्याकाळी माझ्याशी बोलायला घरमालकिणीचं मांजर तेवढं होतं, आणि तेही तोंडदेखलं बोलायचं. हे तुला तेव्हा कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दुकान बंद करून आली असतीस.

आता मात्र सगळं कळवते, कारण गेल्या शनिवारी मी असा पराक्रम केलाय की तो कुणाला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही, आणि आपल्या घरात तो समजेल अशी तू एकटीच आहेस.

झालं असं. इथल्या एका दंतवैद्यांकडच्या सिस्टर दवाखान्याच्या टाकीचं पाणी तपासायला घेऊन आल्या. मी त्यांना टाकी कशी धुवायची ते अगदी मुळापासून समजावून सांगितलं (त्यांनी विचारलं नव्हतं). शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला आवडतं वाटतं? शनिवारी संध्याकाळी काय करता?" मांजराचं नाव सांगायची लाज वाटली, म्हणून काहीच नाही म्हणाले. आणि अशी मी त्यांच्या खेळात ओढली गेले.

खेळ असा असतो, आत्या. दवाखाना बंद झाल्यावर पेशंट बसतात त्या खोलीत, बुटक्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. डॉक्टर गोष्ट सांगतात. बाकी आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते सांगायचं. ते त्याला जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. (फासा आम्ही दात काढायची हत्यारं ठेवतात त्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकतो. तो आवाज ऐकून कुणाचाही धीर सुटेल.) आपला माणूस ज्या गोष्टीत तरबेज असेल तिथे फाशाच्या आकड्यात भर पडते. सिस्टर गोष्टीत तिरंदाज आहेत. तिसरे विमा विकणारे दादा. ते नखशिखांत चिलखत घातलेले योद्धे आहेत आणि खऱ्या आयुष्यात झुरळाला भितात. नियम एकच कडक: आपला माणूस गोष्टीत मेला की खुर्ची सोडायची, ती गोष्ट संपेपर्यंत. डॉक्टरांचा बोलण्याचा वेग बघता ती दीड-दोन वर्षं संपत नाही. आणि विमेवाल्यांचा मेहुणा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसला होता. पहिल्याच दिवशी विमेवाले मला गोडीत म्हणाले, "बसा, बसा. नवीन माणसं तशीही फार टिकत नाहीत."

झालं! तू मला ओळखतेस. मी नियमांचं पुस्तक घरी नेलं आणि परीक्षेसारखं वाचलं, मागच्या आभारांसकट. माझा माणूस म्हणून मी भाटीण निवडली. भाट म्हणजे गावोगाव फिरणारे, गाणारे, गोष्टी सांगणारे, सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असणारे. पुस्तकात लिहिलं होतं की इतर कुणापेक्षाही भाटाला कौशल्यं जास्त मिळतात. मला वाटलं, पोटात दोन पुस्तकं जास्त असलेल्या मुलीला हेच शोभतं. पण इथे मी शुद्ध गाढवपणा केला. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. कुठल्याही विषयात नापास व्हायचं नाही हे माझ्या हाडात गेलंय. म्हणून मी सगळ्या रकान्यांत थोडे थोडे गुण वाटून टाकले. ताकद बेताची, चपळाई बेताची, बोलणं बेताचं. सिस्टरनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही भाटीण आहे की शाळेतली सरकारी खिचडी? हिला येतं काय नेमकं?"

मी रडवेली होऊन खोलीवर आले. आणि मग, आत्या, मला तू आठवलीस. तू तलवार कधी हातात धरली आहेस? पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक दोऱ्याचं एक रीळ घेईपर्यंत तुला आपल्या सासूबद्दल सगळं सांगून मोकळं होतं. टेलिफोन कचेरीतला तो खडूस माणूस, जो कुणाशी मान वर करून बोलत नव्हता, तो तुला खुर्ची द्यायचा. खोटं बोलणाऱ्याला तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि तो घामाघूम होतो. आईच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप तू क्रोशाच्या सुईने उघडलंस. मी सगळे गुण खोडले आणि तुझ्यावरून भाटीण पुन्हा बांधली. लाघवी बोलण्याला सर्वांत मोठा आकडा. मन वळवणं आणि समोरच्याचं मन ओळखणं या दोन्हींत दुप्पट प्रावीण्य (भाटाला दोन ठिकाणी तसं घेता येतं, पुस्तकात आहे). जुन्या घराण्यांचा इतिहास, कुलपं, हातचलाखी यांत जेमतेम पण खात्रीचं. भाटाला थोडे मंत्रही येतात, त्यांत मारझोड करणारा एकही घेतला नाही. एक जखम भरणारा, एक परकी भाषा समजणारा. ताकदीत मात्र दिवाळं. एकंदर सहा प्राण (या खेळात जीवही आकड्यात मोजतात). म्हणजे कुणी जोरात शिंकलं तरी अंत्ययात्रा.

विमेवाल्यांनी तो कागद दोन्ही बाजूंनी बघितला. "तलवार कुठाय?"

"घेतली नाही."

"अहो पदवीधर बाई, निदान चाकू तरी! भाजी चिरायला तरी घ्या!"

मी सांगितलं की शस्त्राने प्रश्न सुटतात यावर माझा विश्वास नाही. ते म्हणाले, मेहुण्याला सांगून ठेवतो, मोकळाच आहे तो.

पहिल्या शनिवारची फजिती लपवत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची भाटीण आता सैनिकांना हुरूप यावा म्हणून गाते. मला वाटलं, खरंच गायचं असतं. मी उभी राहिले, डोळे मिटले आणि जीव ओतून गायले. माझा गळा तुला माहीत आहे. दुसरं कडवं संपायच्या आत वरच्या मजल्यावरचे आजोबा स्वेटर उलटा घालून धावत खाली आले आणि दार ठोठावून म्हणाले, "डॉक्टर, निदान भूल तरी द्या हो त्या मुलीला!" तेव्हापासून मी फक्त "ती गाते" एवढंच म्हणते आणि फासा टाकते. तसंच करायचं असतं म्हणे. हे त्यांनी आधी सांगायला काय झालं होतं?

आता गेला शनिवार. आमच्या गोष्टीत आम्हाला एका जादूगाराच्या गढीत शिरायचं होतं. डॉक्टरांनी पिशवीतून अलगद एक बाहुलं काढून टेबलावर ठेवलं: राक्षस, वीतभर उंच, हातात गदा. सलग तीन रविवार बसून त्यांनी स्वतः रंगवला होता. नखंसुद्धा रंगवली होती. दंतवैद्यच तो, दात तर विचारूच नकोस. "गढीचा पहारेकरी," असं म्हणून त्यांनी हात चोळले. विमेवाले आरोळी ठोकून धावले. राक्षसाने गदेचा एकच फटका दिला आणि विमेवाले चिलखतासकट बेशुद्ध. सिस्टरचे दोन बाण त्याच्या पोटावरून घरंगळले. पुढची पाळी माझी. माझ्या आणि त्या गदेच्या मधे फक्त माझे सहा प्राण. विमेवाल्यांनी बेशुद्ध असूनही खिशातून फोन काढला आणि मेहुण्याचा नंबर शोधायला लागले. मी डोळ्यांनी बघितलं.

आत्या, खुर्ची गेली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर उरलं मांजर. मग मी स्वतःला विचारलं की तू दुकानात काय केलं असतंस. मी म्हणाले, माझी भाटीण काही करत नाही. ती त्याच्याकडे नीट बघते. त्याच्या मनात काय आहे?

डॉक्टर म्हणाले, "मनात? तो राक्षस आहे."

मी पुस्तकातलं पान काढून दाखवलं: मन ओळखणं कुणावरही चालतं. फासा ट्रेमध्ये टाकला. अठरा, त्यात माझी दुप्पट भर. इतका मोठा आकडा आल्यावर डॉक्टरांना काहीतरी सांगणं भागच होतं. बिचारे बराच वेळ भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तो... दमलाय."

बस्स. मला तेवढंच हवं होतं. मी विचारलं, किती वेळ उभा आहेस रे बाबा? डॉक्टर म्हणाले, कालपासून. मी विचारलं, तुझी पाळी सुटायची कधी होती? डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "सकाळीच. बदली माणूस आलाच नाही." मग मी इतिहासावर फासा टाकला आणि त्याला आठवण करून दिली की या जादूगाराने आजवर एकाही पहारेकऱ्याला वेळेवर सोडलेलं नाही. घरी कोण असतं ते विचारलं. म्हातारी आई निघाली. ती जेवायची थांबली असेल, एवढंच म्हणाले, आणि मन वळवण्यासाठी फासा टाकला.

वीस! ट्रेमध्ये फिरत फिरत, आत्या, वीस!

राक्षसाने गदा भिंतीला टेकवली. "मग निघू मी?" असं त्याने (म्हणजे डॉक्टरांनी, अगदी बारीक आवाजात) विचारलं. मी म्हणाले, निघ बाबा, दार आम्ही ओढून घेतो. तो विमेवाल्यांना ओलांडून, त्यांच्यावर पाय न देता, घरी निघून गेला. सिस्टर टाळ्या वाजवत खुर्चीवर उभ्या राहिल्या. विमेवाले ओरडले, "हे नियमात बसतं का?" डॉक्टर पान उलटून उलटून म्हणाले, "बसतं हो, तेच तर." आणि त्यांनी तो तीन रविवारांचा राक्षस, ज्याने जन्मात एकदाच गदा उचलली, हळूच पिशवीत ठेवला. मला वाईट वाटलं. पण फार नाही. विमेवाल्यांची जखम मी मंत्राने भरली. त्यांनी फोन खिशात घातला आणि निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसा." आत्या, पदवीचा निकाल लागला तेव्हाही मी जिना एवढ्या जोरात चढले नव्हते.

गुडघ्याला शेक देत जा. आईबाबांना माझा नमस्कार सांग.

तुझीच लाडकी,
विजयी भाची

ता.क. भाटीण एक पायरी वर चढली, त्यामुळे तिला एक नवीन कौशल्य मिळणार आहे. विमेवाले अजूनही म्हणतात तलवारबाजी घ्या. तुला एखादं असं काही येतं का, जे माझ्या नजरेतून सुटलं? लगेच कळव.

ता.क. दुसरा. वर "आईबाबांना नमस्कार सांग" असं लिहिलंय तो नमस्कार तू टपालाने नाही, स्वतः जाऊन सांग, आणि याच आठवड्यात. आई दर शनिवारी फोन करते आणि मी खरं तेच सांगते, की दंतवैद्यांकडे आहे. खेळाचं सांगायला जाते तोवर ती हुंदका देऊन फोन बाबांकडे देते. चार महिने दर शनिवारी दंतवैद्य! तिने घरात सगळ्यांना सांगितलंय की पोरीच्या तोंडात काही उरलं नाही. बाबा येत्या शनिवारी मला कायमची घेऊन जायला येतायत. त्यांच्यापुढे माझी वाचा बसते. तुझ्यापुढे त्यांची बसते. तेव्हा एकदा त्यांचं मन वळव. फासा लागणार नाही तुला.

ता.क. तिसरा. तिचं तोंड उघडून दात बघा, असं मात्र बाबांना सुचवू नकोस. एकूण एक धड आहेत. ते बघून बाबा विचारतील की मग तिकडे जातेस कशाला?