गेरूचा अंगठा

जबलपूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. दीपास अनेक आशीर्वाद.

उन्हातान्हात चालून ज्यांनी गावोगावचे माळ राखले आणि ज्यांना आपल्याच माणसांनी फसवलं, अशा आपल्या सगळ्यांसाठी मी काल भाषण लिहायला बसलो होतो. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, की या 'आपल्या सगळ्यां'त आता दोघंच उरलो आहोत. तू आणि मी. म्हणून भाषण फाडलं आणि पत्र घेतलं.

तू नागपुरात शाळेत मुलांना नकाशे शिकवतेस, असं आपल्या ऑफिसातल्या बेबीकडून कळलं. बरं वाटलं. इकडे नर्मदा जयंतीची ग्वारीघाटावरची गर्दी परवा ओसरली. माझे गुडघे तसेच आहेत. पुस्तकं वाढली आहेत, जागा नाही.

आता खरी बातमी. राधाबाईंचा माळ जाऊन राहिला आहे.

बरहाटोल्याचा तो अकरा एकरांचा तुकडा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यातला झिरा वैशाखातही आटत नाही, सगळ्या टोल्याची, अख्ख्या वाडीची जनावरं तिथे पाणी पितात. राधाबाईंनी तो आपल्या संस्थेच्या करारात दिला तेव्हा, तिथे कधी काही बांधलं जाणार नाही, असा शब्द आपण त्यांना दिला होता. आता निम्मी जमीन त्यांच्या मुलाच्या, विक्कीच्या नावावर आली आहे आणि त्याला ती रिसॉर्टसाठी द्यायची आहे. करार उभा असता तर त्याला ते जमलंच नसतं. पण करारात एक कलम आहे: सलग तीन वर्षं जानेवारीतली सीमेची फेरी, म्हणजे हद्दीवरून चालत केलेली पाहणी, झाली नाही, तर करार आपोआप संपतो. विक्की म्हणतो, फेरी झालेलीच नाही, आणि निवाडा आता गावच्या तीन पंचांकडे आहे.

गेल्या रविवारी त्यानं गावासमोर आपले अहवाल पसरले. यंदाच्या अहवालातल्या फोटोवर बोट ठेवलं आणि हसला. "काका, ये महुआ देख रहे हैं न? दो साल पहले आँधी में गिर गया. इसकी लकड़ी तो हमारे चूल्हे में जल चुकी. फिर आपके फोटो में कैसे खड़ा है?"

टोल्यातली पोरंसोरंही हसली. मी पस्तीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर बोललो, हजारोंपुढे बोललो. त्या दिवशी मी तो फोटो उलटा करून ठेवला आणि गाडीकडे निघालो.

हे अहवाल रत्नाकरनं केले, माझ्या युनियनच्या दिवसांपासूनच्या सोबत्यानं, ज्याच्यावर मी फेरीचं काम सोपवलं होतं. ऑफिसात बसून, जुने फोटो लावून. ते विक्कीच्या हातात देणंही त्याचंच. काहून? तर रिसॉर्ट बांधणारा विपुल हा त्याचा जावई आहे. त्याला कराराची तीन वर्षं गुपचूप संपवायची होती आणि त्यानं ती संपवली. दीपा, या माणसाबरोबर मी एका डब्यात जेवलो आहे. संपाच्या दिवसांत त्याच्या आईनं माझी मुलं सांभाळली.

मी रिछाईत त्याच्या वर्कशॉपवर गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"रत्नाकर, एवढंच सांग, तुला लाज वाटली का?"

"वाटली नं. पहिल्या वर्षी. मला वाटलं तू पकडशील."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"विश्वास गिश्वास काही नाही, दिवाकर. तू जगातलं सगळं वाचतोस, समोरचा कागद सोडून. युनियनपासून पाहून राहिलो मी. चहा घे, थंड होतो."

मी चहा घेतला नाही. पण घरी येऊन कपाट उघडलं.

वर मी लिहिलं, की अहवाल रत्नाकरनं केले. ते खरं आहे, पण अर्धंच. तेवीस, चोवीस, पंचवीस, तिन्ही अहवालांवर अध्यक्षाची सही आहे. अध्यक्ष मी आहे. 'वरील सीमा मी स्वतः चालून पाहिली' या ओळीखाली माझी सही आहे. त्यातल्या दोन मी ग्वारीघाटावर व्याख्यानाला निघताना, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केल्या. एक कुठे केली, ते आठवतही नाही.

आणि अंगठा. सीमेच्या दगडांना गेरू लावायचा, आणि शेवटच्या दगडापाशी त्याच गेरूत जमीनवाल्याचा अंगठा बुडवून वहीत उमटवायचा, ही पद्धत मीच घालून दिली होती. ऑफिसात बसून कुणाला फेरी उरकता येऊ नये म्हणून. या तिन्ही कागदांवरचा अंगठा निळा आहे. स्टॅम्पपॅडचा. कुणाचा, देव जाणे. लाल आणि निळा यांतला फरक कळायला माणसानं फार वाचलेलं असावं लागत नाही.

तुला तो तेव्हाच कळला होता. मार्च तेवीसच्या सभेत तू उभी राहून म्हणालीस, "काका, या वर्षी बरहाटोल्याला कुणी गेलेलंच नाही." त्यावर सभेत जे बोललं गेलं, नाही, मी जे बोललो, ते मी दोन वर्षं कुणाजवळ काढलं नाही. मी म्हणालो, "ही पोरगी कंपासपेटी घेऊन चळवळ मोजायला आली आहे." लोक खूप हसले. मला टाळीचं वाक्य सापडलं होतं. रत्नाकर सगळ्यांत आधी हसला. तू वही उचललीस आणि गेलीस. बेबी तुझ्यामागे फाटकापर्यंत धावली. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो.

सोमवारी राधाबाईंकडे गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया काहून पडता? दीपाले विचारा. ते येऊन गेली होती."

"कधी?"

"मागच्या साली, संक्रांतीनंतर. मव्हा पडल्यावर. एकटीच आली, अख्खा माळ फिरली, दगडाले गेरू लावला, माहा अंगठा घेतला. जेव म्हटलं तं म्हणे, उशीर होते, बस पकडाची आहे. तुमाले सांगितलं नाही तिनं?"

नाही सांगितलं. आणि का नाही, हे मी कुठल्या तोंडानं विचारू!

म्हणजे जानेवारी चोवीसची फेरी झाली आहे. तू संस्थेची नोकरी सोडलीस, सभासदत्व नाही. करारात फक्त 'संस्थेचा सभासद' असं लिहिलं आहे. एका वर्षाची खरी फेरी मध्ये आली, म्हणजे सलग तीन वर्षं होत नाहीत. करार जिवंत आहे. तो तुझ्या वहीच्या एका पानावर उभा आहे.

आपले विश्वस्त भय्यासाहेब म्हणतात, वहीची गरजच नाही. "पंचों से कह दीजिए आप खुद गए थे. आपकी बात कौन काटेगा?" कुणी काटणार नाही, हे मला माहीत आहे. फोटो चुकून जुना लागला, असं मी बोलूही शकेन, आणि चांगलं बोलेन. त्याचीच मला भीती वाटते. राधाबाईंना दिलेला शब्द माझ्या आणखी एका खोट्यावर टिकवायचा, तर तो टिकूच नये.

तुझं पान वाचलं गेलं, की चोवीसचा माझा अहवाल खोटा ठरेल, आणि त्यामागोमाग बाकीचे दोन. विक्की हसेल, रत्नाकर मान खाली घालून हसेल. त्यानंतर या जिल्ह्यात कुणी मला बोलायला बोलावणार नाही. ते मी धरून चाललो आहे.

मी तुझी माफी मागत नाही. ती मागायला मी नागपूरला यायला हवं, आणि येईन. आज मागणं वेगळं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही.

रविवारी, सोळा तारखेला, सकाळी दहा वाजता बरहाटोल्याच्या शाळेच्या ओट्यावर तिन्ही पंच बसणार आहेत. ती वही घेऊन ये. त्यांच्यासमोर उभी राहा आणि ते पान पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत मोठ्यानं वाच. मी खाली गावकऱ्यांत बसून ऐकेन.

हे पत्र सही करण्यापूर्वी दोनदा वाचलं आहे.

दिवाकर