मानाच्या जागेमागची भिंत

२ एप्रिल

भिंत म्हणजे एक रेघ, असं आजवर वाटत होतं. दामिरा एजेंनी माझा कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "ही भिंत कशाची? हवेची?"

भिंतीला जाडी असते. जाडीच्या आत चौकट, चौकटीवर बोर्ड, बोर्डावर लांबी म्हणजे पुट्टी, तिच्यावर रंग. हे सगळं कागदावर दाखवावं लागतं, नाही तर साइटवरचा माणूस मनाला येईल ते करतो. एजे, म्हणजे ताई, दुकानं, बँका, हॉटेलं यांची आतली कामं घेतात. मी त्यांच्याकडे शिकाऊ. उन्हाळाभर बघणार. जमलं तर कायम, नाही तर घरी.

पाठवलं सासूबाईंनी. एजे त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीची बहीण. "नवरा मॉस्कोत, पदरात मूल नाही. दिवसभर त्याच त्या कपबश्या घासून झिजवशील," म्हणाल्या. मी डोळ्यांसमोर नको आहे, हे कळतं. मलाही त्या नकोच असतात, त्यामुळे फिटंफाट.

५ एप्रिल

नुसत्या रेघा. जाड — जिथून वस्तू कापली. मध्यम — मागे दिसते ती. बारीक — मापाची. कॉम्प्युटर समोर आहे, पण बंद. "आधी हात शिकू दे."

१९ एप्रिल

सेक्शन आवडायला लागलंय. खोली उभी कापायची आणि आत बघायचं. कुणाला विचारावं लागत नाही.

सासूबाई रोज संध्याकाळी हजेरी घेतात. आज काय शिकलीस?

"पार्टिशनच्या आत लोकर घालायला, एने."

"मेंढीची?"

"दगडाची. दगड वितळवून काढतात, आवाज अडवायला."

"दगडाला लोकर! बिश्केकमध्ये आता काय काय बघायचं राहिलंय," म्हणाल्या. मग लगेच, "आणि कायम कधी करणार तुला?"

हे शेवटचं वाक्य रोजचं. जसं काही ते माझ्याच हातात आहे!

११ मे

मॉस्कोहून मकसतचा फोन. ऑक्टोबरात यायचं बघतो म्हणाला. इसिक-कुल तळ्याच्या काठी काकांची जागा आहे, तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या. "तू स्वयंपाकाचं बघ." मी म्हटलं, खोल्यांची ड्रॉइंग मी करीन. तो हसला. "गावाकडे कसली ड्रॉइंग? काठीनं जमिनीवर रेघ मारली की झालं."

त्याच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही, हसण्याचं वाटलं. तो यायच्या आत कायम झाले, तर निदान नाही म्हणायला तोंड राहील. नाही तर तळ्याकाठी पातेली.

सासूबाई शेजारीच कुरुताच्या, म्हणजे सुकवायच्या दह्याच्या, गोळ्या वळत होत्या. एरवी फोन हातातून ओढून घेतात. आज घेतला नाही.

३ जून

पॉप्लरच्या झाडांचा कापूस सुटलाय. नाकात, चहात, कागदावर. झटकायला गेलं की रेघ पुसली जाते.

पहिलं खरं काम मिळालं — दुसऱ्या मजल्यावरचं चहाघर. कुटुंबांसाठी बंद खोल्या, उंचावलेली जमीन, त्यावर गाद्या, मध्ये जेवणाचं कापड. सगळ्या खोल्यांचा प्लॅन मी करायचा. झोप लागत नाही.

९ जून

फजिती.

एजेंनी माझा प्लॅन बघितला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "हे दोन वेटर. दोघांच्या हातात उकळता चहा. यांना चालव." चालवले. तिसऱ्या दारापाशी दोघं एकमेकांवर आदळले. सगळी दारं एकमेकांत उघडत होती, पॅसेज चिंचोळा.

"कच्च्या आराखड्यात दारं पॅसेजवर सरळ दिली होती मी. कुणी सांगितलं होतं हलवायला?"

कुणीच नाही. हाताने आपोआप केलं. दारासमोरची भिंत म्हणजे मानाची जागा, तिथे घरातला सगळ्यात वडील माणूस बसणार. आणि त्या भिंतीच्या पलीकडे संडास! म्हाताऱ्या माणसाची पाठ संडासाला कशी लावायची? म्हणून एकेक दार बाजूला सरकवत गेले. मानाची जागा हलली, वेटर मेले.

एजे बराच वेळ हसल्या. "माझ्याकडे एक रशियन मुलगी होती, तिनं ही चूक जन्मात केली नसती." मग म्हणाल्या, "दारं होती तिथेच राहू देत. भिंत बदल. पलीकडे काय आहे ते बसणाऱ्याला कळताच कामा नये."

२० जून

भिंतीचं डिटेल. एकाऐवजी दोन चौकटी, एकमेकींना न शिवणाऱ्या. मध्ये फट, फटीत लोकर. संडासाचे पाइप मागच्या चौकटीला, तेही रबराच्या पट्ट्यांतून. साखळी ओढून पाणी सोडलं की मागची चौकट थरथरेल, पुढची गप्प राहील.

एजे तांबड्या पेनने खाडाखोड करून परत देतात, मी पुन्हा काढते. आज तांबडं काही नव्हतं.

जमलं!

२१ जून

सासूबाईंना सांगितलं. "मग आता करतील कायम?" डोकं उठलं.

१४ ऑगस्ट

साइटवर गेले. मागची बाजू बोर्ड लावून बंद, पुढची उघडी. वाकून आत बघितलं. दोन्ही चौकटी जागोजाग आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या.

मुकादम उसेन बाइके, म्हणजे उसेनदादा, खूश. "हलत होत्या, सूनबाई. आता घोडा बांध, हलणार नाहीत."

मी सांगितलं, या पट्ट्यांवरून आवाज सरळ चालत येईल.

"मग ड्रॉइंगवर लिहायचं होतंस, जोडू नका म्हणून."

बरोबर होतं त्यांचं. काय करायचं ते सगळं लिहिलं होतं. काय करायचं नाही, ते लिहायचं राहिलं. मला वाटलं, फट दाखवली की फट राहील.

"उद्या बोर्ड चढतील," ते म्हणाले. "मग कोण बघतंय आत? जेवणाऱ्याच्या तोंडात मांस, कानात गाणं. जा घरी, चहा ओत." त्यांची माणसं हसली. मी परत आले. पट्ट्या तशाच ठेवून परत आले, हे लिहून ठेवते.

घरी तोंड उघडायचं नव्हतं, पण सासूबाईंनी विचारलं आणि बोलून गेले.

"आणि तू काय केलंस?"

"आले परत."

"तुला ते काम हवंय की नको?"

"हवंय, एने."

"मग त्या उसेनच्या हसण्याला काय घाबरतेस? दात आहेत, हसेल. सकाळी जा आणि काढून घे त्या पट्ट्या." आवाज चढला होता. मकसतच्या परीक्षांच्या वेळीही त्या अशा चिडल्या नसतील. जसं काही त्यांचंच घर कोसळत होतं.

१५ ऑगस्ट

आधी एजेंकडे गेले. चूक माझी, लिहायचं राहिलं, म्हणाले. त्यांनी ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. "लिही मग. ठळक. आणि स्वतः नेऊन दे." मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "चहाघराच्या मालकाचे वडील त्या खोलीत पहिलं जेवण करणार आहेत. आवाज आला तर तो मला पुढचं काम देणार नाही, आणि मी तुला ठेवू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

उसेन बाइकेंनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि कामाला लागले — दुसऱ्याच. मी त्या भिंतीसमोर पालथ्या बादलीवर बसून राहिले. जेवायच्या सुट्टीत सगळे गेले, मी बसलेलीच. परत आल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूचं कसं होत असेल ग." मग स्क्रू काढायला माणूस लावला.

"आता हलली तर?" विचारलं त्यांनी. मी दाखवलं — चौकटींचे उभे पत्र्याचे चॅनेल जवळजवळ घ्या, प्रत्येक चौकट आपली आपण जमिनीला आणि स्लॅबला धरू द्या. दुसरीचा आधार घ्यायचा नाही. कपाळाला आठ्या होत्या, पण ऐकत होते.

२ सप्टेंबर

बोर्ड चढले, रंग झाला, गाद्या आल्या. भिंत आता साध्या भिंतीसारखी दिसते.

६ सप्टेंबर

आज जेवण. मालकाचे वडील मानाच्या जागी बसले, उंच पांढरी टोपी घालून, पाठ भिंतीला टेकून. शेजारी मालक, एजे. मला काम दिलं होतं भिंतीपलीकडच्या संडासात साखळी ओढून पाणी सोडायचं!

आत उभी राहिले. हात साखळीशी, आणि मनात येत होतं — ऑक्टोबर, तळं, पातेली. ओढली. इकडे एवढा गडगडाट झाला की वाटलं, संपलं सगळं. पुन्हा ओढली. पुन्हा. मग खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. म्हातारबाबा शांतपणे मेंढीचा कान कापून नातवाला देत होते.

एजे खालच्या आवाजात वैतागून म्हणाल्या, "अगं, कधी ओढणार आहेस?"

"तीनदा ओढून झालं, एजे."

त्यांनी ताटातला मांसाचा तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. उभ्या उभ्याच खाल्ला. इतका आनंद झाला की चव कळली नाही.

८ सप्टेंबर

कायम केलं. घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "सही झाली? शिक्का मारला?" मारला म्हटलं. मग मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "मकसत येणार नाही. तळ्याकाठच्या त्या नुसत्या गप्पा. तिकडे बायको केलीय त्यानं. मुलगा दोन वर्षांचा आहे. मला मार्चात कळलं. तुझ्या हाताला काम लागेपर्यंत तोंड बंद ठेवलं."

मग त्या रडल्या. मी अजून नाही.