दसऱ्याची मुदत आणि बावीस खोटे कॉम्प्युटर

कासार आंबोली,
६ सप्टेंबर २००९

ती. जनार्दनदादा यांस,

उषाचा साष्टांग नमस्कार (डाव्या गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा रक्तदाब आणि मेधावहिनींचा खांदा, दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. नसतील तर हे पत्र वहिनींनी तुम्हाला जेवणानंतर वाचून दाखवावं. इकडे मी बरी आहे. यंदा पावसाने ताम्हिणीचा रस्ता दोनदा बंद केला हे पेपरात आलं; माझ्या कंपाउंडची भिंत नेली, ते आलं नाही.

तुमचं कार्ड पोचलं. ज्ञानदाची नोकरी दसऱ्यापर्यंत कायम झाली नाही तर तुम्ही स्वतः गाडी घेऊन येणार, तिला श्रीरामपूरला नेणार आणि साखर कारखान्यातल्या त्या इंजिनिअरच्या घरच्यांना दाखवणार, हे सगळं तुम्ही उघड्या कार्डावर, चष्मा नसलेल्यालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंत. पोस्टमनने ते वाचून, मुलगा तरी कायम आहे का, असं मला विचारलं. तो प्रश्न तुमच्याकडेच पाठवते आहे. तेव्हा इथे काय घडलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हाला कळेल. तुमच्या लेकीचा नाही.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकोणीस वर्षं कार्यालय अधीक्षक होते, तिथेच तिच्या बावधनच्या कंपनीने तिला पाठवलं. कॉलेजात तीन मोठे सर्व्हर आहेत. गेल्या वर्षी कुणीतरी संस्थापक दिग्विजयरावांना पटवलं की प्रत्येक विभागाला वेगळं यंत्र कशाला, या तिघांच्या पोटात बावीस खोटे कॉम्प्युटर सहज मावतात. (खोटे हा माझा शब्द. ज्ञानदा ‘व्हर्च्युअल’ म्हणते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथांनी आम्हाला खोट्याला खोटं म्हणायला शिकवलं होतं.) आता लोडशेडिंगच्या वेळी तिन्ही सर्व्हर जनरेटरवर चालतात आणि डिझेल पितात, म्हणून दिग्विजयरावांना त्यातला एक बंद करायचा आहे. कोणता खोटा कॉम्प्युटर खरोखर राबतो, कोणता नुसता जागा अडवून बसतो आणि सगळे मिळून दोन सर्व्हरांत मावतील का, हे सांगणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते बसवायचं, तीस दिवस त्याला बघत राहू द्यायचं, मग ते अहवाल देतं. अहवाल नीट आला की ज्ञानदा कायम. एवढं साधं काम.

मला हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या. शेजारच्या साळूबाईंना दोन मिनिटं. (त्यांनी रस्त्याकडची जमीन विकून मागे आठ खोल्या बांधल्या आहेत, आयटीतली मुलं भाड्याने राहतात.) अंगणात पावटा सोलता सोलता त्या म्हणाल्या, “म्हंजी टाकी एक आन् भाडेकरू आठ, व्हय ना? परत्येकाला वाटतंय, टाकी माझीच हाय. समदी एका टायमाला आंगुळीला गेली की बोंबाबोंब.” ज्ञानदाने वही आणून हे उतरवून घेतलं. तिच्या कंपनीच्या साहेबांना हेच सांगायला चाळीस स्लाइड लागल्या होत्या. (मी पाहिल्या. सात ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं. लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवल्या. आभार आलेले नाहीत.)

तर वीस जुलैला सॉफ्टवेअर बसलं. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी कॉलेजभर बातमी फुटली की संगणक कक्षात असं काहीतरी आलंय, जे रिकामं बसलेल्याची नोंद करतं आणि त्याला बंद करतं. दादा, विद्यापीठाची समिती येणार म्हटलं की आपल्याकडे काय करतात? कुंड्या मांडतात, बंद घड्याळांना सेल घालतात आणि ग्रंथालयात मुलं आणून बसवतात. इथेही तेच झालं. परीक्षा विभागाने २००१ सालचा निकाल रोज सकाळी नव्याने लावायला घेतला. (चौथ्या दिवशी त्यात एक मुलगा नापास झाला. तो सध्या कुठेतरी पूल बांधतो आहे.) ग्रंथालयाने अकरा हजार पुस्तकांची यादी आधी लेखकाप्रमाणे लावली, मग रंगाप्रमाणे. जिमखान्याच्या कॉम्प्युटरवर चार कॅरम बोर्डांची नोंद सोडून काही नाही; त्याला एक ते एक कोटी अंक मोजायला बसवलं. संगणक कक्षाचा प्रमुख वाल्मीक माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने सगळीकडे व्हायरस शोधायला लावला. सापडला नाही, म्हणून पुन्हा लावला.

तीस दिवसांनी अहवाल आला. कॉलेजला नऊ नवीन सर्व्हर ताबडतोब हवेत आणि ते ठेवायला वेगळी वातानुकूलित खोली हवी. दिग्विजयरावांनी तो उभ्यानेच वाचला आणि ज्ञानदाला म्हणाले, “पोरी, म्या तुला येक कमी कराया बोलावली, तू नऊ वाढवून ठिवलंस. सर्व्हर इकणारा तुजा कोन लागतो?” कंपनीच्या साहेबांनी तिला सप्टेंबरअखेरची मुदत दिली, अहवाल दुरुस्त झाला नाही, तर घरी जा. मुलगी घरी आली आणि थालीपीठ नको म्हणाली. लोण्यासकट. तेव्हा मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

तोड काढली साळूबाईंनीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सांगून सवरून दावायला तपासणी काय नवरी हाय? मी टाकी बघाया कवा जाती, ते भाडेकरूंना सांगती का?” (हे वाक्य साखर कारखान्याच्या संदर्भातही विचार करण्यासारखं आहे.) मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि वाल्मीकला सांगितलं की सॉफ्टवेअर काढून टाकलं, मुलीला कंपनीने परत बोलावलं, विषय संपला. धडधडीत खोटं बोलले. सिस्टर अगाथा आज असत्या तर मला शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या; मी लिहिल्याही असत्या. चहा व्हायच्या आत बातमी सगळ्या विभागांत पोचली. एक तारखेपासून कॉलेजात अशी शांतता आहे की काय सांगू. परीक्षा विभाग थंड झाला. तो मुलगा पुन्हा पास आहे. सॉफ्टवेअर मात्र गुपचूप बघतंय आणि पहिल्या पाच दिवसांतच त्याचं म्हणणं पडलंय की दोन सर्व्हर पुरून उरतील.

तात्पर्य, ज्ञानदाने तिचं काम पहिल्या दिवसापासून चोख केलं. दोष आहे तो जुलैत बातमी फोडणाऱ्या माणसाचा. माझ्या काळात अशा माणसाला मी लेखी समज दिली असती.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपा आणि यापुढे पाकीट वापरा.

तुमची धाकटी बहीण,
उषा

ता. क. तुमचा दसरा अठ्ठावीस तारखेला आहे आणि सॉफ्टवेअरचे तीस दिवस तीस तारखेला भरतात. तेव्हा मुदत दसऱ्याऐवजी कोजागरीपर्यंत वाढवावी. पाच दिवसांत साखर कारखान्याचा इंजिनिअर नासत नाही. आणि तोवर इकडे येऊ नये. तुम्ही आलात की कॉलेजात जाणार, लेकीचं सॉफ्टवेअर कुठवर आलं असं वाल्मीकला विचारणार, आणि जिमखाना पुन्हा कोटीपर्यंत मोजायला बसणार.

ता. क. २. बातमी मी फोडली. जुलैत जेवताना ज्ञानदा सहज म्हणाली की रिकामे कॉम्प्युटर आधी बंद होतात. त्या बाविसांत एक ‘उषा मॅडम’ नावाचा आहे. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी वाल्मीकने माझी एकोणीस वर्षांची पत्रं न विचारता त्यात नीट ठेवली आहेत. बंद करायची त्याची छाती झाली नाही. मी त्याला एवढाच फोन केला, की त्यातलं रोज काहीतरी उघडत जा. वाल्मीक न्यायी माणूस. त्याने सगळ्या विभागांना सांगितलं.

ता. क. ३. तो कॉम्प्युटर बंद करायला मी काल ज्ञानदाला परवानगी दिली. बंद केल्याने कॉलेजच्या कामावर काय परिणाम होईल, असा अहवालात एक रकाना आहे. त्यात ‘काहीही नाही’ असं आलंय. मी तिला पुन्हा तपासायला सांगितलं आहे.