शाळेच्या भिंतीतल्या दोऱ्या

वायरापाता, ३ ऑगस्ट

ज्याच्या कृपेने डोंगर आपापल्या जागी उभे आहेत, त्या प्रभूस वंदन.

चि. नेलिदास आजोबा तेओफिलोचे अनेक आशीर्वाद. वि. वि. बसचालकाबरोबर वाळवलेले बटाटे व चीज पाठवले आहे. मैत्रिणींना दे, सगळे एकटीने फस्त करू नकोस.

तुमच्या महाविद्यालयाने बांधून दिलेल्या शाळेस वर्ष झाले. मागच्या भिंतीचा गिलावा पडून आतल्या नायलॉनच्या दोऱ्या उघड्या पडल्या आहेत. बाईंनी त्यांवर मुलांच्या धुतलेल्या टोप्या वाळत घातल्या. मी ओढून पाहिली, तर दोरी भिंतीपासून दोन बोटे सुटून आली. असेच असायचे असते काय? तुझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा कधी, तेही कळव. लोभ असू द्यावा.

लिमा, ९ ऑगस्ट

ती. आजोबांस नेलिदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. असं असायचं नसतं. भूकंपात कच्च्या विटांची भिंत त्या दोऱ्याच धरून ठेवतात. प्रयोगशाळेत आम्ही हलत्या मंचावर भिंत उभारून हादरवतो. चाचणीच्या सकाळी दोऱ्या पुन्हा आवळायचं काम माझं; पहिल्या वर्षापासून करतेय, जेवणाआधी हात धुवावे तसं. ते कुठंच लिहिलेलं नाही. ना माझ्या प्रबंधात, ना गावोगाव वाटलेल्या बांधकामाच्या पुस्तिकेत. म्हणून तुमच्याकडे वर्षभर कुणी दोरीला हात लावला नाही.

काल न आवळता एक भिंत हादरवली. तिसऱ्या हिसक्याला कोपरा उघडला. आमचे मिस्त्री आबेलार्दो म्हणाले, पोरी, परीक्षेआधीच भिंतीनं तुला नापास केलं. माझे मार्गदर्शक सोलोर्सानो सर, त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, बावीस तारखेला परीक्षा दे, दोऱ्या आवळण्याची पुरवणी नंतर सावकाश लिहू. पुस्तिकेवर त्यांचं नाव आहे आणि माझी पदवी त्यांच्या सहीवर. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. काय करू? 

आपली, नेलिदा

वायरापाता, १४ ऑगस्ट

चि. नेलिदास आशीर्वाद. पत्र मिळताच मुलांना देवळाच्या ओसरीत बसवले. गावप्रमुख रेमिहिओ सभेत म्हणाला की, तेओफिलोची नात चार बुके शिकली आणि आम्हालाच भिववू लागली. डोंगरातल्या थंडीने ओसरीत पोरे खोकली तर औषध लिमाहून येणार का. मी मुलांना ओसरीतच ठेवले.

धरणीकंप तुझ्या परीक्षेची तारीख विचारून येत नाही. सरांचा मान राख, परंतु त्यांच्या पाठीमागे लपू नकोस. धीर मलाही नाही. हल्ली प्रार्थनेत शब्द चुकतात.

लिमा, २३ ऑगस्ट

ती. आजोबांस शि. सा. न.

काल परीक्षेत सगळ्यांत आधी उघडलेल्या कोपऱ्याचं चित्र लावलं आणि सांगितलं, "माझ्या भिंती टिकल्या, कारण दर चाचणीच्या सकाळी मी दोऱ्या आवळत होते." परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर उठून चित्राजवळ गेले. मग म्हणाले, "आवळायला तिला मी शिकवलं. लिहायला मी विसरलो."

परीक्षा तिथंच थांबवून सहा महिने पुढे ढकलली, पदवीही लांबली. अशा शाळा असलेल्या बाकीच्या सत्तावीस गावांना पत्रं रवाना झाली आहेत. शनिवारी सर आणि आम्ही नऊ जण तुमच्याकडे येतोय. तोवर मुलांना आत जाऊ देऊ नका. 

आपली, नेलिदा

वायरापाता, २ सप्टेंबर

चि. नेलिदास अनेक आशीर्वाद. तुम्ही गेल्यावर गिलावा पुरा झाला. रेमिहिओने आपल्या हाताने बारा दोऱ्या आवळल्या आणि तरी म्हणतो की, वर्षभर तर काही झाले नव्हते. त्याचे खोटे नाही.

पवित्र शास्त्रात एक संदेष्टा आहे. नगर नष्ट होणार असे तो सांगून आला. लोक सावरले, अरिष्ट टळले, आणि हा आपले भाकीत फसले म्हणून वेशीबाहेर रुसून बसला. तू रुसू नकोस. धरणी कदाचित तीस वर्षे हलणार नाही, आणि जे घडलेच नाही त्यासाठी कोणी तुझे नाव काढणार नाही. मुले मात्र आज आत बसून पाढे म्हणत आहेत.

हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याच्या डोक्यावरचे छप्पर प्रभू सांभाळो, आणि आपल्या भिंतीला स्वतः हात लावून पाहण्याची बुद्धी त्याला देवो.