हिरव्या कापडाखालची विहीर

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार

तीर्थरूप बाबांना,
स्वरूपाचा लांबूनच वाकून नमस्कार.

बुधवारी लातूरला तुमच्या मानेच्या शिरेत डायलिसिससाठी नळी घालणार, असं सुजितदादा फोनवर म्हणाला. मला रजा मिळाली नाही. काळजी करू नका, आमच्या आयसीयूत हे रोजचंच आहे.

तोंडावर हिरवं कापड टाकतील. त्याखाली आपल्या चिंचेखाली दुपारी असतो तसा उजेड असतो. भूल दिल्यावर नुसतं दाबल्यासारखं वाटतं. हलू मात्र नका.

डॉक्टर मशीनवर शीर बघून सुई घालतात, सुईतून तार, तारेवरून नळी. मग तार बाहेर काढायची. ती आत राहिली तर धोका. म्हणून आमच्याकडे सिस्टरने मोठ्याने विचारायचंच, "तार बाहेर आली?"

काल चाकणच्या कंपनीतले एक काका होते, त्यांनाही हीच नळी घालत होते. कापडाच्या कडेने त्यांचा हात धरून मी त्यांना आपल्या विहिरीचं सांगत बसले. तुम्ही गाळ काढायला उतरायचात, दोराचं टोक मी धरायचे, खालून गार वास यायचा. सांगता सांगता मीच तिथे पोचले आणि विचारायचं विसरले.

कापडाखालून काका म्हणाले, "मग? बाबा वर आले का?"

मी दचकून ओरडले, "डॉक्टर, तार?" त्यांनी तार उचलून दाखवली.

आईचे गुडघे कसे आहेत? बुधवारी तिथल्या सिस्टरला तारेचं विचारायला दादाला सांगा. आणि नळी बसली की मला फोन करा. बाकी काही बोलू नका. "वर आलो," एवढंच म्हणा.

टोक धरून बसलेली,
तुमची स्वरूपा