चौथ्या बटणाआधी

ठाणे,
१ जानेवारी २०२६

प्रिय इनासकाका,

नव्या वर्षाचा नमस्कार. काकूचा गुडघा कसा आहे? पापांची सर्दी गेली, पण आवाज अजून बसलेलाच आहे. त्यामुळे घरात बरीच शांतता आहे.

एकाच गल्लीत राहून पुतणी पत्र लिहिते म्हणून तुम्ही हसाल. पण हल्ली तुमच्याकडे आलं की दारात चपलांचा ढीग असतो, आणि तुमचा मोबाईल प्रचार सांभाळणाऱ्या दिपेशकडे असतो. परवा मी "काका, जरा बोलायचंय" असा मेसेज केला, तर उत्तर आलं, "आपल्या पाठिंब्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद," आणि खाली हात जोडलेले. थोडं वाईट वाटलं, मग हसू आलं. दिपेशला रागावू नका. तो सगळ्यांना तेच पाठवत असणार.

तुम्ही माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्यात. महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी केंद्रात तुमची पोलिंग एजंट म्हणून बसायचं, आणि सोमवारच्या सभेत, बारा तारखेला, आपल्या समाजाची तरुण मुलगी म्हणून दोन शब्द बोलायचे. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुम्हाला माहीतच आहे, मला एक साधी साडी घ्यायलासुद्धा तीन दुकानं लागतात.

तेव्हा मी सध्या लोकांना विचारत सुटले आहे, तुम्ही मत कसं ठरवता? मला खरंच जाणून घ्यायचंय. ख्रिस्ती माणूस बटण दाबताना नक्की काय तोलतो?

पापांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ उभा आहे. विषय संपला."

मी म्हटलं, "आणि भाऊ नसता तर?"

"तर कॅथलिक आहे. तरीही विषय संपला."

"आणि कॅथलिकही नसता तर?"

"मग तुला एवढे प्रश्न पडले नसते," म्हणाले, आणि गरम पाण्याची वाफ घ्यायला टॉवेल डोक्यावर ओढून बसले. टॉवेलच्या आतून म्हणाले, "दफनभूमीचं बघ. इनास महापालिकेत गेला तर जागा मिळेल. तुझ्या मम्मीची कबर पुढच्या वर्षी उघडायची वेळ येणार आहे."

हे त्यांनी टॉवेलच्या आतूनच सांगितलं याचं मला बरं वाटलं. जागा पुरत नाही म्हणून जुन्या कबरी उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबांचंही तसंच झालं होतं. पण मम्मीचा विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते. तुम्ही नवीन जागेचा शब्द दिलात तेव्हा सभेत सगळ्यात जोरात "हो" म्हणणारे पापा होते.

नाताळच्या ताटांबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. दरवर्षी नेवऱ्या, कुलकुलं आणि केकचं ताट विणलेल्या रुमालाने झाकून मीच शेजाऱ्यांकडे पोचवते. याही वर्षी पोचवली. प्रत्येक रुमालाखाली तुमचा फोटो आणि "भावी नगरसेवक" लिहिलेलं कार्ड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या सरोजकाकूंनी दुसऱ्या दिवशी ताट परत आणलं. रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून त्यात तिळाची चिक्की होती, आणि बाजूला तुमचं कार्ड, नीट पुसलेलं. "अगं, हे चुकून आलं वाटतं आमच्याकडे," म्हणाल्या. "नेवऱ्या मात्र चुकून आल्या नव्हत्या ना? त्या संपल्या."

मी हसले, पण कानापर्यंत लाल झाले. काका, ते ताट म्हणजे आपण त्यांच्याकडे काही मागायला जात नाही, असं वर्षातून एकदा सांगणं असतं. यावर्षी आपण मागायला गेलो आणि मला पत्ताही नव्हता. तुम्ही म्हणाल, एवढंसं कार्ड, त्यात काय! एवढंसंच होतं, खरं आहे.

अठ्ठावीस तारखेच्या मेळाव्याबद्दल तुम्ही विचारलंत, कसा वाटला. गर्दी चांगली होती. खुर्च्या कमी पडल्या. बाकीचं नंतर लिहीन.

काकूला सांगा, कुलकुलांना यंदा नारळाचं दूध जास्त झालं होतं, पण मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची,
ॲनेट


ठाणे,
११ जानेवारी, रविवार

प्रिय काका,

आज तुम्ही चर्चमध्ये मिस्सेला दिसला नाहीत. काकू म्हणाली, पहाटेच रॅलीला गेलात. तुमच्या नेहमीच्या बाकावर कुणी बसलं नाही. लोकांनी जागा सोडली होती की तुम्ही येणार असं त्यांना वाटत होतं, कोण जाणे.

उद्या सभा आहे आणि माझं उत्तर तुमच्याकडे आलेलं नाही. हे पत्र म्हणजे ते उत्तर. पण आधी मला सगळं क्रमाने सांगू द्या. मधेच "बाय, मुद्द्यावर ये" म्हणू नका.

मी फादर वॉल्टरकडे पापनिवेदनाला गेले. तिथे गुडघे टेकून मी त्यांना विचारलं की तुमच्या जागेवर तुमच्या विरोधात डॉक्टर संचिता उभ्या आहेत, त्यांच्या दवाखान्यात गर्भपात होतात, तर त्यांचा विचार करणं हे पाप आहे का. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "पोरी, तू पाप सांगायला आलीस की प्रश्न विचारायला?" मी म्हटलं, तेच कळत नाहीये. "मग मागे रांग आहे. चहाला ये."

चहाला गेले. फादरांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "ती गोष्ट तिथे होते म्हणून तिला मत दिलंस तर ते तुझ्या विवेकावर येईल. ती होत असूनही, दुसऱ्या मोठ्या कारणासाठी दिलंस तर वेगळं. पण ते कारण खरंच मोठं हवं. माणूस स्वतःला आवडणारं कारण लगेच मोठं करतो."

"मग तोलायचं कशात?"

"तुला धर्मशिक्षण कुणी दिलं?"

"इनासकाकांनी. मम्मी गेल्यावर रोज संध्याकाळी."

"मग त्याने दिलेलं काही असेल की घरात," म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मला वाटतं, त्यांना हसू आवरत नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, ऐकीव गोष्टींवर नको. डॉक्टर संचितांकडे गेले. पेशंटच्या रांगेत बसले, नंबर आला तेव्हा आत जाऊन म्हटलं, मला काही झालेलं नाही, मी मतदार आहे. त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, होतात. कायद्यात बसतात तेवढे. तुमच्यात ते चालत नाही हे मला माहीत आहे. मतासाठी मी तुम्हाला वेगळं सांगणार नाही. त्यामुळे मत द्यायचं नसेल तर देऊ नका." मग म्हणाल्या, "इनासभाऊ माणूस चांगला आहे. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला सगळं त्यांनीच बघितलं होतं." फी घेतली नाही.

काका, मला तिथून चिडून बाहेर यायचं होतं. त्या खोटं बोलल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

आता निशाबद्दल. कल्याणच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. ती आपल्यातली नाही. ती बिलिव्हर, म्हणजे चर्च नाही, मूर्ती नाही, रविवारी चाळीतल्या एका खोलीत बायका जमतात, गातात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. मीही आधी थोडी हसायचे. पापा म्हणतात, आपल्या मिस्सेला कंटाळलेले लोक ते. नोव्हेंबरात त्या खोलीवर माणसं आली. बाजाची पेटी बाहेर फेकली, बायकांना शिव्या दिल्या, दाराला स्वतःचं कुलूप लावलं. निशा दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि नेहमीसारख्या ट्यूबवर चिठ्ठ्या चिकटवत बसली. दुपारी डब्याच्या वेळी म्हणाली, "ॲनेट, तुमच्या चर्चलापण कुलूप लागतं का कधी?" टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

तिची आई डॉक्टर संचितांकडे आया आहे. म्हणून डॉक्टर दवाखाना बंद ठेवून कल्याणला गेल्या आणि तक्रार लिहून घेईपर्यंत त्या बायकांबरोबर चौकीत बसून राहिल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या पत्रकातही नाही. निशाने सांगितलं.

आणि अठ्ठावीस तारखेच्या मेळाव्यात, तुमच्या पॅनेलचा साईनाथ माईकवर म्हणाला, "कल्याणला एका खोलीला आम्ही कुलूप लावलं. प्रार्थनेच्या नावाखाली धंदे चालले होते. निवडून द्या, इथेपण लावू." लोक हसले. तुम्ही त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतात. आधी तुम्ही खाली बघितलंत. मग दिपेशने मागून खांद्याला हात लावला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

हे मला लिहायचं नव्हतं. पहिलं पत्र मी याच्याच भोवती फिरवलं आणि कुलकुलांवर संपवलं.

घरी येताना तुम्हालाही ते टोचत असावं, कारण मी काही न विचारता तुम्हीच म्हणालात, "अगं, ते बिलिव्हर. आपण कॅथलिक. आपल्याला कोण हात लावतोय? आणि पॅनेल आहे, चारही जणांनी एकमेकांना धरून राहावं लागतं." मी "हं" म्हटलं. तुमच्या जागी मी असते तर माझे हात मांडीवर राहिले असते की नाही, मला माहीत नाही. तिथे दिवे डोळ्यांवर होते, सगळे वाजवत होते. मी रोज याचा विचार करते.

तुम्ही चांगले नगरसेवक व्हाल असं मला अजूनही वाटतं. नळाला पाणी येईल, दफनभूमीची फाईल हलेल. हे मी एका बाजूला ठेवलं. त्याच बाजूला मम्मीला ठेवलं, आणि तुम्हाला, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात जे होतं आणि जे मला कधीच पटणार नाही, तेही ठेवलं. दुसऱ्या बाजूला फक्त निशाच्या खोलीचं कुलूप होतं. पारडं तिकडे झुकावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. म्हणूनच त्यावर थोडा विश्वास बसला.

दिपेश तुमच्या ओट्यावर खोटं मशीन ठेवून सगळ्यांना शिकवतोय, चार जागा, चार मतं, चौथं बटण दाबल्यावरच लांब आवाज येतो. पहिल्या तीन जागांचं माझं अजून ठरायचंय. साईनाथचं बटण मात्र मी दाबणार नाही. चौथ्या जागेवर मी तुमच्या नावापुढचं बटण दाबणार नाही. डॉक्टरांचं दाबणार आहे. उद्या सभेला येणार नाही, आणि तुमची एजंट म्हणून बसणार नाही.

पापांना काल सांगितलं. ते म्हणाले, "मत गुप्त असतं. गप्प राहून दे ना. त्याला कशाला सांगतेस?" मी म्हटलं, मग गुलाल उधळताना मला काकांच्या गळ्यात पडून हसावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही. पापा म्हणाले, "मग तूच सांग. मी भावाला हे सांगणार नाही." आज सकाळपासून ते माझ्याशी फक्त मीठ आणि चहापुरतं बोलतात. मम्मीची कबर उघडायची झाली तर मी तिथे उभी राहीन, असं मी त्यांना सांगितलंय. त्यावर ते उठून मागच्या दारी गेले.

तुम्ही निवडून यावं की नाही, हे मला माहीत नाही. रात्री रोझरीची माळ जपताना मी तुमचं नाव घेते, पण पुढे काय मागायचं ते सुचत नाही, म्हणून नुसतं नाव घेते.

एक विचारू? मत बदलायचं म्हणून नाही, ते आता बदलणार नाही. टाळ्या वाजवताना तुमच्या मनात काय होतं? काहीच नव्हतं, की होतं आणि दाबलंत? मला खरंच समजून घ्यायचंय. तुमच्याकडूनच शिकले आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. उत्तर दिपेशकडून नको.

हे पत्र मी काकूच्या हातात देणार आहे. तिला आत काय आहे ते सांगितलेलं नाही. ती विचारेल तेव्हा तुम्हीच सांगा.

गुरुवारी सकाळी शाळेत मी रांगेत असेन. तुम्ही उमेदवार म्हणून येऊन जाल, सगळ्यांना नमस्कार कराल. माझ्यापाशी आलात तर हात जोडू नका, काका. रागावला असाल तर रागानेच बघा, पण मतदार म्हणून बघू नका.

तुम्हाला मत न देणारी, आणि तरीही तुमचीच,
ॲनेट